बोट माझं, घाई तुझी

पहिलं सांगते ते नातवंडांबद्दल. मोबाइल शिकवायला नातू बसला की त्याला हात मागे बांधून बसायला लावा. "दे इकडे आजी, मी करून देतो" असं कानावर आलं की शिकवणी संपली म्हणून समजा. तो चार ठिकाणी टकटक करतो, काम होतं, आणि आपण होतो तिथेच. त्याने फक्त तोंडाने सांगायचं, बोट आपलं चालायचं. सगळ्यात आधी मागे यायचं कसं ते विचारून घ्या. मागे येता येतं हे कळलं की निम्मी भीती जाते.

जवळ एक आखीव वही ठेवा आणि तीत आपल्या भाषेत लिहा. मुलं म्हणतात, "सेटिंग्ज, मग डिस्प्ले, मग फॉन्ट." माझ्या वहीत "दातेरी चाक, त्यात सूर्याचं चित्र, त्यात अक्षर मोठं" असं आहे. सूनबाई हसते. हसू दे. स्क्रीन किती वेळाने काळी व्हावी, तेही तिथेच ठरवता येतं. नव्या फोनमध्ये बहुधा तीस सेकंदच ठेवलेले असतात. आपला चष्मा सापडेपर्यंत सगळं अंधारात. दोन मिनिटं करून घ्या.

बोटाचंही शिकावं लागतं. मिक्सर, लिफ्ट, दारावरची घंटा, सगळं आपण जन्मभर जोर लावून दाबलं. फोनला जोर नको. बोट दाबून धरलं की त्याला वाटतं आपल्याला वेगळंच काही हवंय. मग चित्रं जागची हलतात नाहीतर भलतीच यादी उघडते. टेकवा आणि उचला, बस्स. थंडीत बोटं कोरडी पडली की काच दाद देत नाही, तेव्हा बोटांवर तोंडाची वाफ सोडून बघा. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबा, भाषा मराठी ठेवा आणि सरळ बोला. गावांची आणि माणसांची नावं तो बिघडवतो, म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचा.

आता पैशाचं. माझा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. नोटा देण्याआधी आम्ही सही ताडून बघायचो, टोकन पुकारायचो, नाव विचारायचो. रांग कितीही कुरकुरली तरी. यूपीआय २०१६ साली आलं, पण रीत तीच ठेवा. क्यूआर कोड स्कॅन केला की नाव दिसतं. पिन घालण्याआधी ते मोठ्याने वाचा. भाजीवाल्या मावशींच्या पाटीवरचा कोड बरेचदा त्यांच्या मुलाच्या नावाचा असतो. विचारलं की सांगतात, कुणी राग मानत नाही. आणि हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा: पिन लागतो तो पैसे जाताना, येताना नाही. "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्या. पेन्शनच्या खात्याला तर यूपीआय जोडूच नका. वेगळं बचत खातं ठेवा आणि त्यात दूध-भाजीपुरतेच पैसे राहू द्या.

नातू घाई करतो, भामटाही घाईच करतो. नातवाला रागावता येतं, भामट्याशी बोलूच नये. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेरा बंद करू नका, घरात कुणाला सांगू नका." याला ते 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. कुणाला सांगू नका म्हणाला ना, मग फोन कापा आणि आधी शेजारणीला हाक मारा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० फिरवा. चोरलेली रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाते. जितक्या लवकर कळवाल तितकी ती मध्येच गोठवता येण्याची आशा जास्त. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली आणि फाइलच्या नावाशेवटी टिंब देऊन इंग्रजीत ए-पी-के असेल तर उघडू नका. ती पत्रिका नव्हे, ते अॅप आहे. ज्यांच्या घरी लग्न आहे ते फोनही करतील.

रील, फिल्टर, फोनशी गप्पा मारणारे नवे प्रकार, हे नाही आलं तरी काही अडत नाही. हयातीचा दाखला मात्र शिकून घ्याच. 'जीवन प्रमाण' २०१४ पासून आहे, पण भांडी घासून घासून आपल्या बोटांचे ठसे पुसट झालेले, यंत्र ते घेत नसे. २०२१ पासून चेहरा दाखवूनही काम होतं. त्याला आधारचं चेहरा ओळखणारं अॅप आणि जीवन प्रमाणचं अॅप, अशी दोन लागतात. आधार, पीपीओ आणि खात्याचा नंबर हाताशी ठेवा. उजेडाकडे तोंड करून बसा, चष्मा काढा, सांगितलं की पापणी मिटा. तुमचं पेन्शन कार्यालय हा दाखला स्वीकारतं का, ते आधी विचारून घ्या. केंद्र सरकारी पेन्शनर असाल आणि वय ८० च्या पुढे असेल तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. शेवटी मेसेजमध्ये एक प्रमाण क्रमांक येतो. तो वहीत उतरवून, खाली तारीख घाला.