लंडनचा दूरध्वनी आणि प्रमाणवेळेचा पाठ



‘रेखावृत्ते व वेळ’ हा पाठ आपणांपैकी बहुतेकांनी अनेकदा शिकविला असेल. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. सबब एक अंशास चार मिनिटे आणि पंधरा अंशांस एक तास. हा हिशेब फळ्यावर मांडला, चारदोन उदाहरणे सोडवून घेतली, की पाठ संपला असे आपण समजतो. मीही वर्गावर असताना तसेच समजत असे. तो समज एका मुलीने दूर केला. त्या प्रसंगात चूक शिक्षकांची थोडी व माझी अधिक होती, म्हणून तो येथे नमूद करतो.

नोव्हेंबर महिन्यात कोकणातील एका शाळेच्या तपासणीस गेलो होतो. वरच्या वर्गात हाच पाठ चालू होता. गुरुजींनी विचारले, “लंडनची वेळ आपल्या मागे किती?” वर्गाने एकमुखाने सांगितले, “साडेपाच तास.” एक मुलगी मात्र उभी राहून म्हणाली, “गुरुजी, कधी साडेपाच आणि कधी साडेचार.” मुले हसली. गुरुजी सौम्यपणे म्हणाले, “बाळ, रेखावृत्त का कधी जागा सोडते?” उत्तर मोठे मार्मिक होते. मागील बाकावर बसलेल्या मलाही ते पटले, आणि शेरेबुकात मी ‘अध्यापन समाधानकारक’ असे लिहून सही केली.

मधल्या सुट्टीत ती मुलगी नळाशी भेटली. तिला सहज विचारले, हे साडेचार तास तू कोठून आणलेस? ती म्हणाली, “माझा दादा लंडनला नोकरीला आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो. तो त्याच्या चार वाजताच करतो. दिवाळीच्या सुमारापर्यंत आमच्याकडे साडेआठ वाजलेले असत. आता साडेनऊ वाजतात. आजी नऊला निजते. तीन रविवार झाले, तिचे दादाशी बोलणेच झाले नाही. ती म्हणते, तो आता मुद्दाम उशिरा करतो.”

मुलीचे निरीक्षण अचूक होते. रेखावृत्त जागा सोडत नाही हे खरे. परंतु घड्याळ रेखावृत्तास बांधलेले नसते, ते सरकारी निर्णयास बांधलेले असते. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी सर्व घड्याळे एक तास पुढे करतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. पुढे केलेल्या त्या वेळेस आपण ‘उन्हाळी वेळ’ म्हणू. त्या सात महिन्यांत लंडनचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेहून एक तास पुढे असते, म्हणून आपला व त्यांचा फरक साडेपाचाऐवजी साडेचार तासांचा होतो. दादा रविवारी चार वाजताच फोन करीत होता. बदलले होते ते त्याचे ‘चार’.

सूर्याची वेळ, देशाची प्रमाणवेळ आणि उन्हाळी वेळ या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे मुलांच्या मनात प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. पहिली निसर्गाची आहे. दुसऱ्या दोन माणसांनी सोयीसाठी केलेले करार आहेत, आणि करार बदलता येतात. आपल्या पाठात पहिलीवरून दुसरीवर आपण एका वाक्यात उडी मारतो व तिसरीचा उल्लेखही करीत नाही.

पहिलीपासून आरंभ करावा, व तो अंगणात करावा. सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ काठी रोवून तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळास जेथे आत शिरताना स्पर्श करील तेथे खूण करून वेळ लिहावी. दुपारी ते बाहेर पडताना पुन्हा तसेच करावे. दोन्ही वेळांच्या बरोबर मध्ये आपल्या गावचा मध्यान्ह. ही रीत आपल्याकडील जुन्या ज्योतिषग्रंथांतीलच आहे. सर्वांत लहान सावली नुसती डोळ्यांनी पाहून ठरविण्यापेक्षा ती अधिक भरवशाची ठरते, कारण मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी फारशी बदलत नाही.

नोव्हेंबरच्या आरंभी रत्नागिरीच्या बाजूस समजा सकाळी १० वाजून ३७ मिनिटांनी व दुपारी २ वाजून ५ मिनिटांनी या खुणा झाल्या, तर मध्यान्ह १२ वाजून २१ मिनिटांनी आला. मुले लगेच विचारतील, बाराला का नाही? हाच पाठाचा खरा प्रारंभ. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्ताची आहे. ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. रत्नागिरी त्याच्या पश्चिमेस सुमारे नऊ अंश, म्हणून तेथे सूर्य सरासरीने ३७ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. मुंबईस हा उशीर ३९ मिनिटांचा, कोल्हापुरास सुमारे ३३, नागपुरास सुमारे १४ मिनिटांचा. चाणाक्ष मुले पुढे म्हणतील की ३७ मिनिटे उशीर असेल तर २१ कसे आले? त्यांना फेब्रुवारीत पुन्हा हाच प्रयोग करू द्यावा. तेव्हा मध्यान्ह सुमारे १२ वाजून ५१ मिनिटांनी येईल. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही व तिचा आस कललेला आहे, यामुळे सूर्याचा मध्यान्ह वर्षभर सरासरीच्या मागेपुढे होतो. लहान वर्गात याहून खोलात जाऊ नये. प्रयोग मे महिन्यात मात्र करू नये. त्या सुमारास सूर्य आपल्या माथ्यावरून जातो व दुपारी सावली पायाखालीच नाहीशी होते.

दुसरी गोष्ट शिकविण्यास मुंबईच्या इतिहासासारखे साधन नाही. आगगाडी व तारयंत्र येण्यापूर्वी प्रत्येक शहर आपल्या सूर्याप्रमाणे चाले व कोणाचे काही अडत नसे. रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली, कारण तेथे वेधशाळा होती व तेथून तारेने वेळ कळविता येत असे. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ साली मुंबई सरकारने कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली. लोकांनी एवढा विरोध केला की तो हुकूम पुढे मागे घ्यावा लागला. १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रीनिचचे रेखावृत्त आरंभाचे मानले गेले, आणि १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ, अमलात आली. मुंबईकरांना ती एकदम ३९ मिनिटे पुढची वाटली. सकाळी कामावर हजर व्हावे लागणाऱ्या गिरणीकामगारांचा रोष तर सहज समजण्यासारखा आहे. एकाच शहरात स्थानकावर एक वेळ व बाजारातील घड्याळात दुसरी, असा प्रकार चालू राहिला. मुंबईची स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षे.

उन्हाळी वेळेची कल्पना इंग्लंडातील विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाने १९०७ साली पुस्तिका काढून मांडली. उन्हाळ्यात पहाटे सूर्य लख्ख उगवलेला असताना लोक झोपलेले असतात व संध्याकाळी दिवे जाळतात, हे त्यास खटकले. तो १९१५ साली वारला. पुढच्याच वर्षी महायुद्धातील कोळशाच्या टंचाईमुळे प्रथम जर्मनीने व पाठोपाठ ब्रिटनने ती अमलात आणली. तिकडे ती सुचली यास कारण आहे. लंडनला जूनमधील दिवस सुमारे साडेसोळा तासांचा व डिसेंबरमधील आठ तासांहूनही लहान असतो. कोकणात मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा, लहान सुमारे अकरा तासांचा. ज्याच्या गाठीस फारशी शिल्लक नाही त्याने बचतीची योजना कशाला आखावी?

तरीही आपणही एकदा हा प्रयोग केला आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानची घड्याळे एक तास पुढे होती. माझे आजोबा सांगत की त्या दिवसांत ‘नवा टाइम की जुना?’ असे विचारल्यावाचून कोणी वेळ सांगत नसे. त्या वेळेप्रमाणे रत्नागिरीस सूर्य माथ्यावर येईपर्यंत घड्याळात सरासरीने १ वाजून ३७ मिनिटे होत. गावातील कोणी अतिवृद्ध व्यक्तीस हे स्मरत असेल तर तिला वर्गात अवश्य बोलवावे.

उन्हाळी वेळेच्या गमती मुलांना फार आवडतात, पण त्या सांगताना हिशेब नीट करून घ्यावा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या त्या रात्री दोन वाजताच पुन्हा एक वाजतो. एक वाजून ५० मिनिटांनी एक मूल जन्मले व पंधरा मिनिटांनी त्याचे जुळे भावंड, तर धाकट्याची वेळ एक वाजून पाच मिनिटे लिहिली जाईल! मार्चमध्ये उलट एक तास नाहीसाच होतो. सर्व देश एकाच दिवशी बदल करीत नाहीत, यामुळे घोटाळा वाढतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे होते, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन व न्यूयॉर्क यांतील नेहमीचा पाच तासांचा फरक चारवर येतो. त्याच अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात बहुतेक ठिकाणी घड्याळ हलवीत नाहीत, परंतु तेथील नवाहो लोकांच्या प्रदेशात हलवितात. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे म्हणून सिडनीची उन्हाळी वेळ ऑक्टोबरात सुरू होते, आणि शेजारच्या क्वीन्सलँड राज्यात ती मुळीच नाही. ही यादी पाठ करवून घेऊ नये. प्रश्न विचारताना ‘लंडन व भारत यांच्या वेळेत फरक किती?’ एवढेच न विचारता ‘१५ जानेवारीस किती? १५ जुलैस किती?’ असे विचारावे, म्हणजे विद्यार्थी आपोआप तारखेकडे पाहील.

एक देश, एक वेळ ही सोयही फुकट मिळत नाही, हे वरच्या वर्गात सांगण्यास हरकत नाही. गुजरातचे पश्चिम टोक व अरुणाचल प्रदेशाचे पूर्व टोक यांच्या सूर्योदयांत जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. म्हणूनच आसामच्या चहाच्या मळ्यांत घड्याळ तासभर पुढे ठेवून काम करण्याची जुनी पद्धत आहे. तिला तेथे ‘बागान वेळ’ म्हणतात. देशास दोन प्रमाणवेळा असाव्यात की नाही यावर मते भिन्न आहेत. मला स्वतःला एकच बरी वाटते. रुळांच्या वेळापत्रकात गोंधळ होण्यापेक्षा शाळा-कचेऱ्यांच्या वेळा त्या त्या प्रांताने बदलाव्यात हे सोपे. पण आसामातील शिक्षकाचे मत निराळे असू शकेल.

त्या शाळेत मी पुढील आठवड्यात पुन्हा गेलो. शेरेबुकातील माझ्या शेऱ्याखाली ‘विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर होते, तपासणी अधिकाऱ्याच्या लक्षात आले नाही’ असे लिहून पुन्हा सही केली. गुरुजींनी ते वर्गात स्वतः वाचून दाखविले व मुलीस फळ्याशी बोलावून उदाहरण मांडावयास सांगितले. तिने दोन ओळी लिहिल्या: उन्हाळ्यात लंडनचे चार म्हणजे आपले साडेआठ; हिवाळ्यात लंडनचे तीन म्हणजे आपले साडेआठ. दुसरी ओळ तिने त्याच रविवारी दादास कळविली. आता ऑक्टोबर संपला की मार्चअखेरपर्यंत त्याचा फोन तिकडच्या तीन वाजता येतो, आणि आजी जागी असते.