मुंबई ते लंडन

दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. भारतात चित्रपट काढावयाचा, असा निश्चय त्यांनी केला. परंतु त्यासाठी लागणारी सामग्री विलायतेहून आणणे प्राप्त होते. म्हणून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते आगबोटीने लंडनला निघाले आणि १ एप्रिलला परत आले. या दोन महिन्यांपैकी लंडनमध्ये त्यांचा मुक्काम अवघा दोन आठवडे होता. बाकीचा काळ प्रवासातच गेला! पुढच्या वर्षी, १९१३ साली, त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांनी पाहिला.

आगबोटीला समुद्राची वाट सोडता येत नाही. मुंबईहून निघालेली बोट अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि सुएझचा कालवा ओलांडून भूमध्य समुद्रात शिरत असे. विमानाला हा वळसा नको. शाळेतील पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई व लंडन या दोन ठिकाणांवर दोरा ताणून धरा. तोच त्यांच्यामधील सर्वांत जवळचा मार्ग होय. त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. कैरो व जिनीव्हा येथे थांबूनही त्याला सुमारे एकच दिवस लागला.

आजची मोठी विमाने वाटेत न थांबता, ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. मग ७,२०० ला ९०० ने भागले की झाले, प्रवास आठ तासांचा, असे तुम्ही चटकन म्हणाल. भागाकार बरोबर आहे. पण विमान आठ तासांत पोचत नाही. असे का व्हावे?

पहिले कारण असे की, चढताना आणि उतरताना विमानाचा वेग कमी असतो. दुसरे कारण, कोठे वादळ असते, तर कोठे एखाद्या देशाचे आकाश विमानांना बंद असते. तेव्हा दोऱ्याची सरळ वाट सोडावी लागते. तिसरे कारण वारा. दहा किलोमीटर उंचीवर या मार्गावरील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. प्रवाहाविरुद्ध नाव हाकताना नावाड्याची जी गत होते, तीच लंडनला जाणाऱ्या विमानाची होते. वारा समोरून ताशी १०० किलोमीटर वेगाने वाहत आहे असे समजा. विमानाचा वेग ८०० वर येईल आणि नऊ तास लागतील. येताना तोच वारा पाठीशी असला, तर वेग १,००० होईल आणि ७ तास १२ मिनिटे पुरतील. वळसा व चढउतार धरून प्रत्यक्षात जाताना दहाएक तास लागतात, येताना त्याहून कमी.

आणखी एक गंमत पाहा. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. मुंबईहून दुपारी दोन वाजता निघालेले विमान दहा तासांनी लंडनला उतरले, तर तेथे सायंकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. नुसती घड्याळे पाहणारा म्हणेल, प्रवास साडेचार तासांत झाला! म्हणून प्रवासाचा काळ सांगताना अंतराबरोबर वाट, वारा आणि घड्याळ यांचाही विचार केला पाहिजे.

स्वाध्याय

१. आगबोटीची वाट विमानाच्या वाटेपेक्षा लांब का असते?
२. हिवाळ्यात लंडनहून सकाळी दहा वाजता निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईस उतरले. त्या वेळी मुंबईच्या घड्याळात किती वाजले असतील?