कर्करोगाची पूर्वतपासणी आणि सामाजिक विषमता

रोगाची लक्षणे दिसू लागण्यापूर्वीच निरोगी भासणाऱ्या व्यक्तींची तपासणी करणे, यास पूर्वतपासणी म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ती विशेष उपयुक्त ठरते. एका विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गाने पेशींत विकार उत्पन्न होतात. त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. या अवधीत दोष आढळल्यास तो साध्या उपचाराने दूर करता येतो.

तथापि, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील ३० ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी करून घेतली होती.

याचे खापर पुष्कळदा गरीब स्त्रियांच्या अज्ञानावर व दैववादावर फोडले जाते. परंतु मनोवृत्ती परिस्थितीतूनच घडते. रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीचा रुग्णालयात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी होय. परपुरुषाकडून तपासणी करून घेण्याचा संकोच असतोच. शिवाय सुस्थितीतील स्त्रीस तपासणीमुळे निश्चिंतता लाभते. निर्धन स्त्रीस मात्र न परवडणाऱ्या रोगाचे केवळ नाव कळण्याची भीती वाटते. ‘नशिबी असेल ते होईल’ या उद्गारामागे असा हिशेब दडलेला असतो.

परिस्थिती पालटल्यास काय घडते? मुंबईतील झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये एक मोठा प्रयोग आरंभिला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी वस्तीतच स्त्रियांना रोगाची माहिती दिली आणि गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावून तपासणी केली. दोषयुक्त भाग या आम्लाने पांढरा दिसतो. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. ८९ टक्के स्त्रियांनी तपासणी करून घेतली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या वस्त्यांत अशी तपासणी झाली नव्हती त्यांच्या तुलनेने या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

मात्र दोष दिसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक-पंचमांश पुढील निदानापर्यंत पोहोचल्या नाहीत. त्यावरून ध्यानात येते की, तपासणी दारी नेणे हे अर्धेच कार्य होय. निदान व उपचारही तितकेच सुलभ होतील, तेव्हाच पूर्वतपासणीचा लाभ समाजातील सर्व थरांस सारखा मिळेल.