निष्क्रिय आभासी यंत्रांचा प्रोसेसरभार

प्रश्न : केव्हीएमवरील आमची विंडोज आभासी यंत्रे रिकामी असतानाही यजमान सर्व्हरचा प्रोसेसर व्यापतात. उपाय काय?

उत्तर : आतील टास्क मॅनेजर स्वस्थता दर्शवीत असता बाहेर भार दिसावा, ह्याचे कारण बहुधा कालगणनेत असते; विंडोज आपल्या घड्याळासाठी सेकंदास ६४, आणि एखाद्या प्रोग्रॅमच्या मागणीवरून १००० पर्यंत व्यत्यय मागते, व अनुकृत घड्याळाच्या प्रत्येक व्यत्ययापायी यजमानास हस्तक्षेप करावा लागतो. म्हणून प्रोसेसर वाढवून देण्याची घाई मुळीच करू नये. यंत्राच्या लिब्व्हर्ट संरचनेत हायपर-व्ही घड्याळासह व्हीपीइंडेक्स, सिनिक, एसटायमर ही वैशिष्ट्ये चालू करावीत, एचपीईटी हे अनुकृत घड्याळ बंद ठेवावे, आणि पडद्याची गरज नसल्यास यूएसबी टॅब्लेट हे आभासी निर्देशक उपकरणही काढावे.