उपासमार पेशीची, मुलाची नव्हे

गिनीपिगच्या सीरमने उंदरांतील लिम्फोमाच्या गाठी ओसरतात, हे जॉन किड यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले. त्यामागे ॲस्पॅराजिनेज हे विकर (एन्झाइम) असल्याचे जॉन ब्रूम यांनी १९६१ मध्ये दाखविले.

निरोगी पेशी ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल ॲस्पॅराजिन सिंथेटेज या दुसऱ्या विकराच्या साहाय्याने स्वतः तयार करतात. बालकांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगातील पेशींत ते बहुधा अत्यल्प असते. त्या रक्तातील आयत्या पुरवठ्यावर जगतात. इंजेक्शनने दिलेले ॲस्पॅराजिनेज तो साठाच फोडते, आणि प्रथिने बनविता न आल्याने या पेशी मरतात.

हे समजावून सांगितले की सुजाण पालक हमखास विचारतात, “मग डॉक्टर, डाळ, दूध, बटाटा बंद करू का?” तर्क चतुर आहे, पण घातक. ॲस्पॅराजिन शरीरातही बनत असल्याने पथ्याने ते संपत नाही. मूल मात्र खंगते, आणि कुपोषित बालकाला केमोथेरपी अधिक जड जाते. त्याला पोटभर जेवू द्यावे, असे मी ठामपणे सांगतो. मात्र या उपचारकाळात पोट तीव्र दुखून उलट्या होऊ लागल्या, तर ओवा-हिंगावर वेळ दवडू नये. तो औषधामुळे झालेला स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.