हनुवटीचा विचार

हेल्मेट या वस्तूविषयी आपल्याकडे आजवर जेवढी म्हणून चर्चा झाली, ती जवळजवळ सगळी 'घालावे की न घालावे' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. पुण्यात २०१९ च्या आरंभी सक्तीची अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा विरोधाच्या सभा भरल्या, मोर्चे निघाले, वृत्तपत्रांचे रकाने उभय पक्षांच्या युक्तिवादांनी भरून गेले. परंतु घालावयाचे असा ज्याचा निश्चय झालेला आहे, त्याने दुकानात ओळीने मांडलेल्या नगांतून नेमके कोणते उचलावे, याचा खल करण्याची निकड त्या गदारोळात कोणास फारशी भासली नाही. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम शिरस्त्राणाचा आकार, द्रव्य आणि बांधणी यांचा स्पष्ट उल्लेख करते आणि ते पट्ट्याने डोक्यास घट्ट बांधलेले असावे असेही सांगते. तथापि नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदारास पाहावयाचे असते ते एवढेच, की डोक्यावर काही आहे किंवा नाही. तेथे त्याचे काम संपते. आपले मात्र तेथे सुरू व्हावयास हवे, असे मला आता कळकळीने वाटते, आणि त्यामागे जे घडले ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

गळीत हंगामाचे दिवस होते. कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्याने मी स्कूटरवरून चाललो होतो. या दिवसांत त्या बाजूला उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागलेली असते, त्यांतून गळून पडलेली कांडी मागून येणाऱ्या चाकांखाली चिरडतात, आणि रस्त्यावर चोयट्या व रस यांचा जो थर साचतो, त्यावर स्कूटरच्या लहान चाकाची पकड टिकत नाही. वेग बेताचाच होता. एका वळणावर पुढचे चाक अशाच थरावर गेले, हँडल हातातून निसटले आणि मी तोंडघशी डांबरावर आपटलो. त्या वेळी माझ्या डोक्यावर हेल्मेट होते, त्यावर मानक संस्थेची मुद्रा होती, पट्टा बांधलेला होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोणतीही कसूर नव्हती. ते फक्त उघड्या तोंडाचे होते. कपाळ, टाळू, कान आणि मानेचा वरचा भाग त्याने झाकलेला होता, आणि हनुवटी मोकळी होती.

इस्पितळात फोटो काढल्यावर तरुण शल्यचिकित्सक म्हणाले, "काका, मेंदूला धक्का नाही, कवटीलाही काही नाही. ते हेल्मेटनं सांभाळलं. पण जबडा दोन ठिकाणी मोडलाय." हनुवटीवर आपटलेल्या माणसाचा जबडा पुष्कळदा हनुवटीपाशी तर मोडतोच, पण तो आघात हाडातून वर चढत जाऊन कानासमोरच्या सांध्यापाशीही त्याचा तुकडा पाडतो, हे मला तेव्हा समजले. वरच्या आणि खालच्या दातांवर पोलादी पट्ट्या बसवून त्या एकमेकींस तारेने जखडून टाकण्यात आल्या. पुढे महिन्याहून अधिक काळ जे काही पोटात गेले, ते शेवटच्या दाढेमागच्या फटीतून गेले: पातळ पेज, गाळलेले वरणाचे पाणी, ताक, मिक्सरमधून काढलेली खिचडी. घरी पाठविताना डॉक्टरांनी तार तोडण्याची एक पकड बरोबर दिली आणि ती सदैव हाताशी ठेवण्याची सक्त ताकीद दिली. कारण मिटलेल्या तोंडात उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरते, आणि अशा वेळी तार तोडण्यास क्षणाचाही विलंब चालत नाही. ती पकड उशाशी असे. बायकोला ती कशी चालवावयाची हे परिचारिकेने दोनदा करून दाखविले होते, आणि माझ्या घशात जराशी खरखर झाली तरी ती रात्री उठून बसत असे. हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की 'जीव वाचला ना, मग झाले' असे जे सहजपणे म्हटले जाते, त्यात जीव वाचल्यानंतरच्या दिवसांचा हिशेब धरलेला नसतो.

अंथरुणावर पडल्या पडल्या या विषयाचे जे जे हाती आले ते मी वाचून काढले. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून विख्यात झालेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्या उपचारात ज्यांचा सहभाग होता, ते मज्जाशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्यावरील आघातांचा चिकाटीने अभ्यास केला, १९४१ मध्ये आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. त्या काळची शिरस्त्राणे टाळू आणि कपाळ राखणारी होती. चेहरा झाकणारे हेल्मेट रस्त्यावर यावयास १९६० चे दशक संपत आले. अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन पाहणीत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो असे आढळले, म्हणजे घालावे की नाही हा वाद वस्तुतः केव्हाच निकालात निघालेला आहे. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर मला जर्मन संशोधक डीटमार ओटे यांच्या कामात सापडले. अपघातग्रस्त हेल्मेटांवर घाव नेमके कोठे बसले आहेत याची त्यांनी नोंद केली, तेव्हा साधारण एक तृतीयांश घाव हनुवटीच्या परिसरात पडलेले दिसले. आणि ज्या टाळूच्या रक्षणासाठी आपण अर्धी टोपी विकत घेतो, त्या अगदी माथ्यावर सर्वांत थोडे होते. मनुष्य गाडीवरून पडतो तो पुढे फेकला जाऊन पडतो, डोके खाली करून उभा पडत नाही, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे नवल वाटत नाही.

म्हणून माझे सांगणे स्वच्छ आहे: हनुवटीसह संपूर्ण चेहरा राखणारे, ज्यास दुकानदार 'फुल फेस' म्हणतात ते हेल्मेट घ्यावे, आणि गाडी स्कूटर असो वा मोटारसायकल, प्रवास भाजी आणण्यापुरता असो वा सातारा-पुणे, यात फरक करू नये. यावर पहिला आक्षेप उकाड्याचा येतो आणि तो खोटा नाही. वैशाखात विट्याच्या उन्हात बंद हेल्मेट घालून सिग्नलला उभे राहणे कष्टाचे आहे. परंतु हनुवटीपाशी आणि माथ्यावर हवेची उघडझाप होणारी छिद्रे असलेले नग मिळतात, गाडी उभी असताना काच वर करता येते, आणि आतून सुती टोपी घातली तर घाम डोळ्यांत उतरत नाही. मान दुखते ही तक्रार बहुधा वजनापेक्षा सैल मापामुळे उद्भवते. ज्यांना चष्मा आहे, किंवा कामाच्या निमित्ताने ज्यांना घटकाघटकाला थांबून बोलावे लागते, त्यांच्यासाठी हनुवटीचा भाग वर उचलता येणारा 'फ्लिप-अप' प्रकार सोयीचा आहे. तो थोडा जड असतो, आणि चालत्या गाडीवर तो उचलून ठेवला तर ते उघड्या तोंडाचेच हेल्मेट होते, हे मात्र विसरता कामा नये. कानांच्या वर संपणाऱ्या अर्ध्या टोपीविषयी मी काहीच लिहीत नाही. ती केवळ दंड चुकविण्यासाठी असते.

प्रकार ठरला तरी अर्धेच काम झाले. खरी परीक्षा मापाची, आणि येथे घाई करू नये. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून, मागच्या बाजूस डोके जेथे सर्वाधिक फुगीर असते तेथून शिंप्याची टेप फिरवावी. ५८ सेंटिमीटर भरले तर बहुतेक कंपन्यांचे मध्यम माप येते; पण कोणाचे डोके वाटोळे असते, कोणाचे लांबट, म्हणून आकड्यावर विसंबू नये. हेल्मेट घालताना ते किंचित कष्टाने उतरले पाहिजे, गालांवर दाब जाणवला पाहिजे. आतले अस्तर नव्या कोल्हापुरी वहाणेप्रमाणे वापराने सैलावते, सबब आज जे 'अगदी ऐसपैस' वाटते ते सहा महिन्यांनी डोक्यावर गरगर फिरू लागेल. पट्टा बांधावा, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवून पाहावे. कपाळाची कातडी त्याबरोबर ओढली गेली तर माप बरोबर, आणि हेल्मेट हलून कातडी जागीच राहिली तर ते खाली ठेवावे. मग मागच्या कडेखाली बोटे घालून ते पुढच्या दिशेने उलथवून काढण्याचा प्रयत्न करावा. पट्टा बांधलेला असूनही ते निघाले, तर अपघातातही ते निघेल. एवढे झाल्यावर ते घालूनच पंधरावीस मिनिटे दुकानात बसून राहावे. कपाळावर एकाच ठिकाणी ठणका लागला तर ते आपल्या डोक्याच्या घडणीचे नव्हे. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही. गाडी घेताना विक्रेत्याने हेल्मेट द्यावे असा नियम आहे, पण ते डब्यातून काढून तसेच डोक्यावर चढविण्याची वहिवाट घातक आहे. हीच सारी परीक्षा त्याचीही करावी.

मुद्रेची खातरजमा करणे सोपे आहे. १ जून २०२१ पासून देशात मानक मुद्रेवाचून दुचाकीचे हेल्मेट विकण्यास मनाई आहे, तरी रस्त्याच्या कडेला चटईवर मांडलेल्या नगांवर नुसता ठसा उमटविलेला आढळतो. खऱ्या मुद्रेवर आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर घालून पाहिला की उत्पादकाचे नाव पुढे येते. काच पारदर्शक घ्यावी. काळी काच दिवसा सुखावह असली तरी संध्याकाळी गाडी चालविणाऱ्यास आंधळे करते, आणि चरे पडलेल्या काचेवर पावसाळी रात्री समोरचा दिवा पसरला म्हणजे रस्ताच दिसेनासा होतो. ती स्वस्तात बदलून मिळते, बदलावी.

मागे बसणाऱ्याविषयी आपण विलक्षण उदासीन आहो. चालविणाऱ्याच्या डोक्यावर चांगले हेल्मेट आणि मागे बसलेल्या पत्नीच्या हाती, नाका आला की डोक्यावर ठेवावयाची हलकी टोपी, हे दृश्य प्रत्येक शहरात रोज दिसते. वस्तुतः खड्ड्याची चाहूल चालविणाऱ्यास आधी लागते, हँडल त्याच्या हाती असते. मागचा माणूस बेसावध असतो आणि त्याचा आधार सर्वांत कमी. अंबाडा असेल तर तो मानेपाशी खाली बांधावा, माथ्यावर नको, म्हणजे माप बिघडत नाही. लहान मुलास मोठ्याचे हेल्मेट घालणे हे न घालण्याइतकेच निरुपयोगी असून त्याच्या कोवळ्या मानेस ते भारही होते. मुलांची मापे स्वतंत्र मिळतात, आणि चार वर्षांखालील मुलासाठी हेल्मेटबरोबर चालविणाऱ्याशी जोडणारा पट्टाही २०२३ पासून नियमाने आवश्यक झाला आहे.

शेवटची गोष्ट टाकून देण्याची. हेल्मेटच्या आत जो थर्माकोलसारखा जाड थर असतो, तो स्वतः चेपून आघाताचा वेग मंदावतो आणि म्हणून मेंदू वाचतो; पण एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. बाहेरचे कवच धडधाकट दिसले तरी मोठा आघात सोसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आणि आघात झाला नसला तरी पाचेक वर्षांनी ते बदलावे. पेट्रोल किंवा थिनरने ते पुसू नये, कवच त्याने ठिसूळ होते. माझे जुने हेल्मेट बाहेरून अगदी चांगले दिसत होते, केवळ डाव्या कडेला खरचटलेले. शेजारच्या मुलाने ते मागितलेही. मी ते दिले नाही, पट्टा दोन्ही बाजूंनी कात्रीने कापला आणि मगच भंगारवाल्याकडे टाकले. प्रत्येकाने असेच करावे, कारण पट्टा शाबूत असलेले हेल्मेट भंगारातून पुन्हा कोणाच्या तरी डोक्यावर चढते, आणि ते आतून निकामी झालेले आहे हे त्या माणसास कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.