हिमांत जगणाऱ्या दोन अळ्या

थंडी पडली म्हणजे आपण घोंगडी पांघरतों किंवा शेकोटीजवळ बसतों. परंतु जेथें हिंवाळ्यांत नद्याहि गोठतात, तेथें इवलासा किडा कसा तगतो, हें पाहण्याजोगें आहे.

उत्तर अमेरिकेंतील माळरानांवर गोल्डनरॉड नांवाचें पिवळ्या फुलांचें झुडूप उगवतें. एक माशी त्यांत अंडीं घालते. अळीच्या योगानें देठावर गोटीसारखी गांठ येते. तीच अळीचें घर व तेंच तिचें अन्न. त्याच जातीच्या झुडपांत एका पतंगाची अळीहि राहते. तिची गांठ चातीसारखी लांबट असते. या गांठी उघड्या वाऱ्यांत असल्यामुळें त्यांच्या आंत फारशी ऊब राहत नाहीं.

दोघींवरील संकट एकच. पेशींच्या आंतील पाणी गोठलें, तर बर्फाचे स्फटिक त्यांचा नाश करितात. उपाय मात्र निराळे आहेत.

पतंगाची अळी अंगांत बर्फ होऊंच देत नाहीं. ती पुष्कळ ग्लिसरीन सांठविते आणि बाहेरील बर्फाचा स्पर्श होऊं नये म्हणून घरास आंतून रेशमाचें अस्तर लाविते. त्यामुळें शून्याखालीं सुमारें ३८ अंश सेंटिग्रेडपर्यंत ती गोठत नाहीं.

माशीची अळी बर्फास वाट देते, पण पेशींच्या बाहेर. शून्याखालीं ८ ते १० अंशांच्या सुमारास ती गोठूं लागते. पेशींतील ग्लिसरीन व सॉर्बिटॉल हे पदार्थ आवश्यक तेवढें पाणी आंत धरून ठेवितात. अळी खड्यासारखी कठीण होते, तरी बर्फ वितळतांच पुनः हालूं लागते.

हे पदार्थ उन्हाळ्यांतील अन्नाच्या सांठ्यापासून होतात. शरदांत झुडूप वाळूं लागलें कीं ग्लिसरीन वाढतें. थंडी सुमारें ५ अंशांखालीं गेली कीं सॉर्बिटॉल. म्हणूनच सौम्य हिंवाळा तिला सुखाचा नसतो. उबेनें शरीराचे व्यापार जलद चालतात, सांठा लवकर सरतो, आणि पुढें माशी होऊन ती थोडीं अंडीं घालते. आतां पृथ्वीवरील हिंवाळे सौम्य होत आहेत; तेव्हां ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आणखी एक नवल. माशीला कुरतडण्यास जबडा नसतो. म्हणून अळी शरदांतच गांठीच्या सालीपर्यंत भुयार कोरून ठेविते; वसंतांत माशी ती पातळ साल ढकलून बाहेर पडते.

शलमोनानें आळशास मुंगीचा दाखला दिला. आमच्या विद्यार्थ्यांनीं या अळीचाहि मनांत ठेवावा. बर्फ पडूं लागल्यावर तयारीस वेळ नसतो. ती पानें हिरवीं असतांनाच करावी लागते.